गोंदियाचा निकाल गोंदियानं विसरू नये

२ जानेवारी २०११ रोजी वर्धा रेल्वे स्थानकावर सुधीर ढवळे यांना गोंदिया पोलिसांनी अटक केली. ढवळे हे ‘विद्रोही’ या मराठी नियतकालिकाचे संपादक. खैरलांजीनंतर रस्त्यावर उतरलेल्या दलित कार्यकर्त्यांपैकी एक. वर्ध्याचं साहित्य संमेलन आटोपून ते परतीच्या वाटेवर होते. त्यांच्यावर भारतीय दंड संहितेचं कलम १२४ अ म्हणजे राजद्रोह लागला आणि सोबत यूएपीए (बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा). मुंबईतल्या घराची झडती झाली, पुस्तकं जप्त झाली. खटला चालला आपल्या गोंदियाच्या सत्र न्यायालयात. मे २०१४ मध्ये निकाल आला: सर्व आरोपांतून निर्दोष. तोवर माणसाचे चाळीस महिने तुरुंगात गेले होते.

हा निकाल आपल्या जिल्ह्यात किती जणांना माहीत आहे? बार रूममध्ये काही वकिलांना, जुन्या दोन-चार वार्ताहरांना. तेवढंच. कॉलेजात संविधान शिकवताना आपण केशवानंद भारती सांगतो, मनेका गांधी सांगतो. आपल्याच कचेरीच्या आवारात लागलेला निकाल मात्र कुणी सांगत नाही. आणि तो सांगण्यासारखा आहे. जप्त केलेल्या पुस्तकांकडे पाहून न्यायालयानं साधे प्रश्न विचारले. या पुस्तकांवर सरकारनं बंदी घातली आहे का? समाजातले दोष ती दाखवतात आणि जाणीवपूर्वक प्रयत्नांनी समाज बदलावा असं म्हणतात, मग ती राजद्रोही कशी ठरतात? हे प्रश्न दिल्लीच्या घटनापीठानं विचारलेले नाहीत. ते गोंदियात विचारले गेले, जिथे शेजारच्या दालनात बांधाच्या भांडणाच्या आणि चेक बाउन्सच्या तारखा पडत होत्या.

म्हणून हा लेख. निकालाचं कौतुक करून थांबण्यासाठी तो लिहिलेला नाही. मला गोंदियाकरांना एक काम सांगायचं आहे. निर्दोष सुटलेल्या माणसाला न्याय मिळाला असं आपण म्हणतो आणि पेपर घडी करून ठेवतो. पण चाळीस महिने कोण परत देणार? नियतकालिक बंद पडतं, घर उधारीवर चालतं. आणि ज्या गावात ही बातमी पोचते तिथला पुढचा माणूस पुस्तक विकत घेण्याआधी दोनदा विचार करतो. बोलण्याचं स्वातंत्र्य निकालाच्या दिवशी वाचवता येत नाही, फार उशीर झालेला असतो. ते वाचवायचं तर पहिल्या नोटिशीला, पहिल्या पंचनाम्याला, पहिल्या रिमांडला वाचवावं लागतं. आणि या तीनही गोष्टी दिल्लीत होत नाहीत, तालुक्याच्या ठिकाणी होतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती केल्याशिवाय आपल्याकडे पुढचं कुणी ऐकत नाही. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या पट्ट्यानं नक्षलवाद्यांची हिंसा सोसली आहे. पोलीस मारले गेले. खबऱ्या ठरवून गावकरी मारले गेले, त्यात बहुतेक आदिवासीच होते. दरेकसा दलमचं नाव काढलं की आवाज खाली येणाऱ्या गावांतली माणसं आजही आहेत. बंदूक चालवणाऱ्याला, बॉम्ब पेरणाऱ्याला, खंडणी मागणाऱ्याला शिक्षा व्हावी, आणि त्यासाठी कायदे पुरेसे आहेत. वाद बंदुकीबद्दल नाहीच. वाद पुस्तकाबद्दल आहे, घोषणेबद्दल आहे, व्हॉट्सॲपवरच्या चार ओळींबद्दल आहे.

हा वाद जुना आहे, आणि त्यात आपल्याच प्रांताच्या माणसानं संविधान सभेत एक मजेदार साक्ष दिली होती. डिसेंबर १९४८. मसुद्यातल्या कलम १३ वर, म्हणजे आजच्या अनुच्छेद १९ वर चर्चा चालू होती. भाषणस्वातंत्र्यावरच्या बंधनांच्या यादीत मसुदाकारांनी राजद्रोह हा शब्द ठेवला होता. तो काढावा अशी दुरुस्ती कन्हैयालाल मुन्शींनी आणली. तेव्हा जबलपूरचे सेठ गोविंददास बोलायला उभे राहिले. भंडारा-गोंदिया तेव्हा मध्य प्रांतातच होतं, म्हणजे ते आपल्याच प्रांताचे सदस्य. त्यांनी सांगितलं की १८५७ मध्ये इंग्रजांना मदत केल्याबद्दल त्यांच्या पणजोबांना हिरेजडित सोन्याचा कमरपट्टा मिळाला होता, त्यावर तसं कोरलेलंही होतं. १९३० च्या सत्याग्रहात गोविंददास भाषणात म्हणाले की पणजोबांनी पाप केलं, आणि ते सरकार उखडायला निघालेल्या पणतूनं त्या पापाचं प्रायश्चित्त घेतलं, असं आता त्या पट्ट्यावर कोरायला हवं. एवढ्या बोलण्यावर १२४ अ लागलं आणि दोन वर्षं सक्तमजुरी झाली. स्वतःच्या पणजोबांवर टीका केली म्हणून राजद्रोह! मुन्शींची दुरुस्ती मान्य झाली आणि संविधानातून तो शब्द गेला. दंड संहितेत मात्र तो राहिला, आणि बासष्ट वर्षांनी त्याच जुन्या प्रांताच्या एका जिल्ह्यात संपादकावर लागला.

संविधान लागू होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा सरकारची चलबिचल सुरू झाली. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास सरकारनं आपल्या हद्दीत मनाई केली होती. मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं साप्ताहिकाचे संपादक रोमेश थापर यांच्या बाजूनं निकाल दिला. जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती आली आणि बंधनांच्या यादीत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ बसली. सोबत ‘वाजवी’ हा शब्दही आला, हे मान्य करायला हवं. बंधन वाजवी आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला राहिला तो त्या शब्दामुळे. पुढे १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात न्यायालयानं राजद्रोहाचं कलम टिकवलं, पण हिंसेची चिथावणी किंवा सुव्यवस्था बिघडवण्याचा हेतू असेल तरच, अशी कुंपणं घातली. मे २०२२ मध्ये ते कलम स्थगित झालं. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही, कलम १५२ आहे: सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणणारी कृत्यं, शब्दांनी केली तरी. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. शब्द बदलला, ठाण्यातल्या फौजदाराच्या हाती असलेला अधिकार तितकाच मोठा राहिला.

मे १९५४ मध्ये डॉ. आंबेडकर भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते, हेही इथं आठवावं. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्याचाच भाग. ज्या माणसानं अनुच्छेद १९ वरच्या चर्चेला उत्तरं दिली, त्यानं तेच स्वातंत्र्य या भागात वापरलं, नेहरू सरकारवर सडकून टीका केली. आपण त्यांना पाडलं, ती वेगळी गोष्ट. आता चौकाचौकात त्यांचे पुतळे आहेत आणि १४ एप्रिलला डीजे वाजतो. त्यांच्या पुस्तकांचे जाड खंड घरात सापडले तर पंचनाम्यात काय लिहिलं जाईल, याची धास्ती मात्र काही घरांत खरोखर आहे.

पुस्तकांचंच घ्या. सरकारला एखादं पुस्तक घातक वाटलं तर कायद्यात रीतसर रस्ता आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ९८. राज्य सरकारनं अधिसूचना काढावी, तिच्यात आपल्या मताची कारणं द्यावीत, मग जप्त करावं. ज्याला मान्य नाही त्यानं उच्च न्यायालयात जावं, तिथं तीन न्यायमूर्तींचं विशेष पीठ बसतं. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाबाबत असंच झालं. सरकारनं बंदी घातली, मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. पुस्तक आवडो न आवडो, सरकारला कारणं देऊन भांडावं लागलं. पण घरझडतीत पुस्तक उचलायला यातलं काहीच लागत नाही. ना अधिसूचना, ना कारण, ना तीन न्यायमूर्ती. दोन पंच, एक कोरा कागद आणि ‘आक्षेपार्ह साहित्य’ हे दोन शब्द. दुकानात उघड मिळणारं पुस्तक अशा रीतीनं पुरावा होतं. बंदी न घालता बंदीचं काम होऊन जातं.

ढवळ्यांच्या अटकेच्या नऊ दिवस आधी, २४ डिसेंबर २०१० ला, रायपूरच्या न्यायालयानं मानवी हक्क कार्यकर्ते डॉ. विनायक सेन यांना राजद्रोहाखाली जन्मठेप दिली होती. रायपूर म्हणजे हावडा मार्गावर आपल्या गोंदियाच्या पुढचं मोठं शहर. एप्रिल २०११ मध्ये त्यांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की गांधींचं पुस्तक घरात असलं म्हणून कुणी गांधीवादी होत नाही, तसंच नक्षल साहित्य बाळगलं म्हणून कुणी नक्षलवादी ठरत नाही. हे वाक्य उच्चारलं गेलं तेव्हा ढवळे तुरुंगातच होते. त्यांना सुटायला आणखी तीन वर्षं लागली. वरच्या न्यायालयाचं शहाणपण खालच्या ठाण्यापर्यंत किती वेळात पोचतं, त्याचा हा नमुना.

पालघरचंही असंच. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं लाईक केलं, दोघींना अटक झाली. त्यातून श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवलं. चर्चा करणं वेगळं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं, आणि चिथावणीपाशीच बंधन सुरू होऊ शकतं, हे त्या निकालानं समजावून सांगितलं. यानंतर काय झालं? मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवणं चालूच राहिलं. २०२१ मध्ये हे समोर आलं तेव्हा खुद्द सर्वोच्च न्यायालय थक्क झालं. सहा वर्षं! कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या काश्मिरी प्राध्यापकानं ३७० हटवल्याचा निषेध करणारं व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं, त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयानं दिलासा दिला नाही. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुन्हा रद्द केला आणि पोलीस यंत्रणेला भाषणस्वातंत्र्य म्हणजे काय हे शिकवण्याची वेळ आली आहे, असं सुनावलं.

शिकवणार कोण? दिल्लीहून कुणी सालेकशाला शिकवायला येणार नाही.

आता जनसुरक्षा. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये आलं, डिसेंबरात पुन्हा मांडलं गेलं, चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेलं. बारा हजारांवर सूचना आणि हरकती आल्या. आपल्याकडे एवढ्या हरकती एखाद्या विधेयकावर क्वचितच येतात. जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. विधानसभेत माकपचे विनोद निकोले यांनी विरोध नोंदवला. समितीनं काही चांगले बदल केले, ते नाकारू नयेत: तपास वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिला, सल्लागार मंडळाच्या रचनेत न्यायाधीश आणले, उद्देशात ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटना’ असं नेमकं केलं. पण पुढे ‘किंवा तत्सम’ जोडून ते नेमकेपण घालवलं. मूळ दुखणं बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत आहे. बोललेल्या, लिहिलेल्या शब्दांनी किंवा खुणांनी सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणणं हे त्यात आहेच, पण अडथळा आणण्याकडे कल असणंही आहे. प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला उत्तेजन देणंही आहे. मग मिठाच्या सत्याग्रहाचं काय करायचं? संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा निर्णय सरकारचा, तिला वर्गणी देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा, सदस्याला तीन, कृत्य करणाऱ्याला सात. गुन्हा अजामीनपात्र. हा साचा शेजारच्या छत्तीसगडच्या २००५ च्या कायद्याचा आहे, आणि डॉ. सेन यांना २००७ मध्ये अटक झाली तेव्हा त्या कायद्याचाही वापर झाला होता.

मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात सांगितलं की कायद्याचा गैरवापर होणार नाही, सरकारविरुद्ध बोलणाऱ्याला त्याची भीती नाही. त्यांचा शब्द खरा मानू. पण कायदा मुख्यमंत्र्यांच्या शब्दावर चालत नाही, तो पुढच्या मुख्यमंत्र्यांच्या हातीही तसाच जातो. आज टाळ्या वाजवणाऱ्या पक्षांनी उद्या आपण विरोधी बाकावर असू, एवढा तरी विचार करावा. ढवळ्यांना अटक झाली तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं, निर्दोष सुटले तेव्हाही तेच होतं. २०१८ च्या जूनमध्ये एल्गार परिषद प्रकरणात ते पुन्हा पकडले गेले तेव्हा सरकार भाजप-शिवसेनेचं होतं. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं जामीन दिला तो मुख्यतः खटला संपण्याची चिन्हं नसताना सहा वर्षांहून जास्त काळ तुरुंगात गेला म्हणून. तो खटला वेगळा, त्याच्या गुणदोषांवर मी इथं बोलत नाही. सत्ता बदलली तरी सवय बदलत नाही, एवढंच यातून दिसतं.

आणि वेळ पाहा. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस माओवाद्यांच्या एमएमसी (महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड) झोनचा प्रवक्ता अनंत याच्यासह अकरा जणांनी गोंदियात शरणागती पत्करली. दलम रिकामे होत आहेत ही मोठी आणि चांगली गोष्ट आहे. त्याचं श्रेय पोलिसांना द्यायला हवं, जंगलात रात्री काढणाऱ्या साध्या शिपायालाही द्यायला हवं. पण बंदुका खाली ठेवल्या जात असताना शब्दांवरचे कायदे कडक का होत आहेत? हिंसा संपली की त्या भागातला माणूस मोकळेपणानं बोलू लागला पाहिजे. रस्ता का नाही, डॉक्टर का नाही, वनहक्काचे दावे का अडले, हे त्याला आता कुणाचीही भीती न बाळगता विचारता यायला हवं. दलमची भीती जाऊन ठाण्याची भीती आली, तर त्याच्या दृष्टीनं काय बदललं?

आपल्या जिल्ह्यात धोका कुणाला आहे? संपादकाला नाही, इथं संपादक किती आहेत! धोका आहे धानाचे चुकारे तीन-तीन महिने अडले म्हणून खरेदी केंद्रासमोर बसणाऱ्या शेतकऱ्याला. तेंदूपत्त्याच्या मजुरीवरून ठेकेदाराशी भांडणाऱ्या बाईला. सामूहिक वनहक्क मागणाऱ्या ग्रामसभेला. देवरी-सालेकशात आदिवासी वस्ती मोठी आहे, तरी आपला जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही आणि पेसा इथं लागू नाही. म्हणजे गडचिरोलीच्या ग्रामसभेला जो जादा आधार आहे तो आपल्याकडे नाही, आपल्याला साध्या मूलभूत हक्कांवरच उभं राहायचं आहे. धोका आहे व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला आणि मानधनावर बातम्या पाठवणाऱ्या तालुका प्रतिनिधीला, ज्याच्यामागे ना संस्था उभी राहते ना वकील.

आणि धोका आहे मंडईतल्या दंडारीला. हसू नका. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार, खडी गंमत, नाटक. त्यात सरपंच, तलाठी, नाकेदार, आमदार, कुणाचीच सुटका नसते, आणि ते पुढच्या रांगेत बसून हसतातही. आता महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ उघडून वाचा. जिल्हादंडाधिकाऱ्याला त्यात जे मना करता येतं त्याच्या यादीत शस्त्रं आहेत, दगड आहेत, आणि घोषणा, गाणी, भाषणं, हावभाव, नकलाही आहेत. ३७ (३) खाली जमावबंदी करता येते, पण राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांच्या पुढे नाही. म्हणून राज्यात ठिकठिकाणी काय होतं? पंधरवडा संपतो, नवा आदेश निघतो, सणांची आणि आंदोलनांची तीच यादी, तेच वाक्य. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ च्या आदेशांबद्दल सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध करावेत, त्यात प्रत्यक्ष कारणं द्यावीत, तेच ते आदेश पुन्हा पुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर आहे. हे तत्त्व आपल्या ३७ ला का लागू नये, हे विचारायला घटनातज्ज्ञ लागत नाही. नाटकांचं तर आणखी मागासलेलं आहे. प्रयोगाआधी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची ही रीत महाराष्ट्रात अजून आहे. १८७६ चा इंग्रजांचा नाट्यप्रयोग कायदा संसदेनं रद्द केला तरी ती राहिली. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये तिला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. झाडीपट्टीच्या रंगकर्मींनी त्यात आवाज मिसळायला हवा होता, आजही मिसळता येईल.

तर मग काम. वकील मंडळींपासून सुरुवात करतो, कारण पहिले चोवीस तास त्यांच्या हातात असतात. न्यायालयांनी गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्या हाती चांगली हत्यारं दिली आहेत. मे २०२४ च्या प्रबीर पुरकायस्थ निकालानं यूएपीएखालीही अटकेची कारणं लेखी द्यायला लावली. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याच विदर्भाचे तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानं, तेही महाराष्ट्रातल्याच खटल्यात, सगळ्याच गुन्ह्यांना हा नियम लावला. कारणं लेखी, आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत. देवरीच्या गोंड माणसाला समजणारी भाषा कोणती, हा प्रश्न रिमांडच्या वेळी उभा करा. मार्च २०२५ च्या इम्रान प्रतापगढी निकालानं सांगितलं की भाषण-लेखनाबाबत तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचा आरोप असेल तर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीचा मार्ग पोलिसांनी वापरावा. हे निकाल मोबाईलमध्ये नकोत, छापून फाईलमध्ये हवेत. जिल्हा वकील संघानं पाच-सात जणांची यादी करावी, फोन नंबरासह, जी कुठल्याही तालुक्यातून रात्री लावता येईल. फी नंतर बघू.

दुसरं, ढवळे खटल्याचा २०१४ चा निकाल. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून त्याची प्रत काढावी, पुस्तकांबद्दलचा भाग सोप्या मराठीत आणावा आणि प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात ठेवावा. ग्रंथपालांना माझी विनंती आहे: कुणी येऊन अमुक पुस्तक का ठेवलं असं विचारलं, तर बंदीची अधिसूचना दाखवा म्हणा. नसेल तर पुस्तक कपाटातच राहील, एवढंच उत्तर. हे उत्तर द्यायला धैर्य लागतं हे मला कळतं, म्हणून वाचनालयाच्या कार्यकारिणीनं तसा ठराव करून ठेवावा, म्हणजे ग्रंथपाल एकटा पडणार नाही.

वार्ताहरांनो, पोलीस प्रेसनोटमधला ‘आक्षेपार्ह साहित्य’ हे शब्द तसेच छापू नका. कोणती पुस्तकं, लेखक कोण, कुठल्या प्रकाशनाची, विचारा आणि छापा. नावं छापली की वाचकालाच कळतं त्यात काय आहे. अटकेची बातमी पहिल्या पानावर आली असेल तर सुटकेचीही तिथंच यावी.

पोलीस अधिकाऱ्यांनाही हे आवाहन आहे, उपरोधानं नाही. दुर्गम गावात तुमच्यावर विश्वास बसायला वर्षं लागली. एका खोट्या ठरणाऱ्या राजद्रोहाच्या गुन्ह्यानं तो जातो, आणि तो गेला की पुढच्या वेळी गावातून खबर येत नाही. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांतला फरक नव्या भरतीच्या प्रशिक्षणात शिकवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि गाव. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होते, कोरम नसतो, सह्या घरोघरी जातात. येत्या १ मे रोजी असं होऊ देऊ नका. १९९९ मध्ये त्याच तारखेला आपला जिल्हा झाला. त्या दिवशीच्या ग्रामसभेत तीन ठराव घ्या. जमावबंदीचा प्रत्येक आदेश कारणांसह, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येतून ‘कल असणे’ आणि ‘अवज्ञेस उत्तेजन’ हे भाग काढावेत अशी मागणी आमदारांकडे लेखी जावी आणि त्यांचं लेखी उत्तर पुढच्या सभेत वाचलं जावं. आणि आपल्या गावातल्या कुणाला बोलल्याबद्दल, लिहिल्याबद्दल उचललं, तर सरपंच आणि दोन सदस्य त्याच रात्री ठाण्यात जाऊन लेखी कारणं मागतील. ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा, पोच घ्या, आणि ती पोच जपून ठेवा.